एकदिवसीय सहल आणि पाण्याचे वेळापत्रक : कुंडलिका खोऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या वार्षिक नियोजनात सहलीच्या वाट्याला एखादीच ओळ येते. दुसऱ्या सत्राच्या आरंभी सूचनाफलकावर ‘एकदिवसीय सहल’ असा मथळा झळकतो, वर्गणी गोळा होते, पालकांची संमतिपत्रे जमा होतात आणि एका पहाटे बस निघते. पूर्वी अशा सहलींचा ओढा किल्ले, लेणी व देवस्थाने यांकडे असे. गेल्या काही वर्षांत मात्र एक नवा प्रकार रूढ झाला आहे. मार्गदर्शकाच्या सोबतीने हिरवा निसर्ग पाहणे, त्यातच दोन तासांचे साहस करणे आणि दुपारनंतर जलतरण तलावाच्या काठी विसावणे असे तीन भाग एका दिवसात बसवून त्याचे एकच शुल्क घेतले जाते. पुणे व मुंबई परिसरातील महाविद्यालयांना या प्रकारासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील कोलाड.

प्रस्तुत लेखिका भूगोलाची अध्यापिका असून विद्यार्थ्यांच्या सहलींसोबत ती कोलाडला तीन वेळा गेली आहे. निसर्ग, साहस व विसावा हे सहलीचे तीन भाग पत्रकात वेगवेगळ्या चौकटींत छापलेले असतात. प्रत्यक्षात त्या तिन्हींमागे पाणी एकच आहे, आणि ते केव्हा वाहील हे निसर्ग ठरवीत नाही. हे पाणी येते कोठून, सकाळीच का येते आणि त्याचा सहल नेणाऱ्या प्राध्यापकाशी काय संबंध आहे, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

झोपेत निसटणारा जलाशय

पुण्याहून कोलाडला जाणारा रस्ता पौड, मुळशी, ताम्हिणी घाट व विळे असा आहे. अंतर सुमारे ११० किलोमीटर. राफ्टिंगसाठी सकाळी आठच्या सुमारास नदीवर पोहोचावयाचे असल्याने बस पहाटेच निघते. परिणामी या सहलीतील सर्वांत महत्त्वाचे दृश्य, म्हणजे मुळशीचा जलाशय, अंधारात निघून जाते. गाण्यांचा पहिला भर ओसरलेला असतो आणि विद्यार्थी एकमेकांच्या खांद्यावर डोके टेकून झोपलेले असतात. उजाडते ते घाटात.

घाटातील देखावा खरोखरच उष्णकटिबंधीय आहे. हा प्रदेश कर्कवृत्ताच्या बराच दक्षिणेस, साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर येतो. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस पाडतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तयार झालेल्या बेसॉल्टच्या कड्यांवर त्यामुळे निमसदाहरित वन उभे राहिले. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा ही त्यातील ओळखीची झाडे. जानेवारीतही दरीत हिरवा रंग टिकून असतो. विद्यार्थी जागे होऊन छायाचित्रे काढू लागतात ती येथे.

याच घाटमाथ्यावर पावसाच्या पाण्याचे भवितव्य ठरते. माथ्याच्या पूर्वेस पडलेले पाणी मुळा नदीतून पुण्याकडे, तेथून मुळा-मुठेच्या रूपाने भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेस पडलेले पाणी कुंडलिकेसारख्या आखूड नद्यांतून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. निसर्गाने आखलेली ही विभागणी मुळशी येथे माणसाने ओलांडली. मुळा नदीवर धरण बांधून पूर्वेकडे जाणारे पाणी अडविण्यात आले, बोगद्यातून ते पश्चिमेकडे वळविण्यात आले आणि सुमारे ५०० मीटर खोल कोकणात, भिरा येथील विद्युतगृहावर सोडण्यात आले. टाटा समूहाच्या जलविद्युत प्रकल्पांतील खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) यांच्यानंतरचे हे तिसरे विद्युतगृह १९२७ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे व दिवे ही या विजेची गरज होती.

या धरणाचा इतिहास मराठी वाचकास नवा नाही. तरी कोलाडच्या सहलीशी तो सहसा जोडला जात नाही. धरणाखाली जाणाऱ्या मावळातील गावकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नामाभिधान याच लढ्याने दिले. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात मुळशीच्या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. या लढ्यातील एक अंतर्विरोध वर्गात आवर्जून सांगण्यासारखा आहे. बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावावर होत्या. मोबदला मिळाल्यास त्यांची तक्रार राहिली नसती. जमीन कसणाऱ्या कुळांच्या हाती मात्र मोबदल्यातूनही फारसे काही येणार नव्हते. १९२४ पर्यंत आंदोलन ओसरले, धरण पूर्ण झाले आणि गावे पाण्याखाली गेली.

सकाळीच नदी का वाहते?

कोलाडजवळच्या साजे गावाच्या काठावर सकाळी पहिल्यांदा पोहोचणारा मनुष्य बहुधा निराश होतो. पात्रात दगडच दगड आणि त्यांमधून वाहणारे जेमतेम पाणी. ‘मॅडम, यात राफ्ट चालणार?’ हा प्रश्न मला तिन्ही वेळा विचारला गेला. आमच्यासोबतच्या मार्गदर्शकाने पात्रातील एका फिक्या दगडाकडे बोट दाखवून सांगितले, ‘तो बुडाला की निघायचं.’ पंचवीस-तीस मिनिटांत तो दगड दिसेनासा झाला. पाऊस नाही, ढग नाहीत, आणि तरीही डोळ्यांदेखत नदी भरली. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजविल्या. माझ्या मनात मात्र वेगळाच विचार आला : त्या दगडावर कोणी बसले असते तर?

याचे स्पष्टीकरण विजेच्या मागणीत आहे. औष्णिक केंद्राची निर्मिती तातडीने कमी-जास्त करता येत नाही. जलविद्युत केंद्राची झडप उघडली की काही मिनिटांत वीज मिळते. म्हणून जलविद्युत मुख्यतः मागणीच्या चढत्या वेळी वापरली जाते. भिरा येथील जुन्या विद्युतगृहाची क्षमता १५० मेगावॉट आहे. १९९० च्या दशकात त्याला तेवढ्याच क्षमतेच्या उदंचन संचाची जोड मिळाली. विजेची मागणी कमी असते तेव्हा हा संच खालचे पाणी पुन्हा वर चढवितो. भिरा येथून सुटलेले पाणी खाली अडवून रवाळजे येथील ८० मेगावॉटच्या विद्युतगृहातून आणखी एकदा वीज निर्माण केली जाते आणि त्यानंतर ते कुंडलिकेच्या पात्रात येते. राफ्टिंग सुरू होते ते याच्या खाली. पावसाळा सोडला तर कोलाडची नदी म्हणजे विद्युतगृहाचे वापरून झालेले पाणी होय. राफ्टिंगची वेळ सकाळची असते ती यामुळे, आणि कडक उन्हाळ्यातही येथे राफ्टिंग होऊ शकते तेही यामुळेच. सह्याद्रीतील बहुतेक पश्चिमवाहिनी नद्या मार्चपर्यंत आटून डबकी होतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही गोष्ट किती अपवादात्मक आहे ते कळते.

आकडेमोड करून पाहिल्यास प्रमाणाची कल्पना येते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी ५०० मीटर खाली आले तर त्यातून सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १.३६ युनिट ऊर्जा मिळते. यंत्रातील घट वजा जाता ती सव्वा युनिटच्या आसपास राहते. या हिशेबाने १५० मेगावॉट वीज सलग निर्माण करण्यासाठी दर सेकंदाला सुमारे ३५ घनमीटर पाणी लागते. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे गणित बसमध्येच घालावे. शहरातील दिवे व लिफ्ट यांसाठी जे पाणी खाली येते, त्याच्याच पाठीवर आपण दोन तास वल्ही मारतो.

पाणी वाचणारा माणूस

साजे ते कामत हा राफ्टिंगचा टप्पा सुमारे १२ किलोमीटरचा असून त्यास दीड ते दोन तास लागतात. नदीच्या काठिण्याची आंतरराष्ट्रीय श्रेणी एक ते सहा अशी मानतात. कुंडलिकेच्या या टप्प्यातील खळाळ दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीतील आहेत. नवशिक्याला भय वाटेल पण मार्गदर्शकासह तो सुखरूप पार पडेल, असे हे पाणी आहे. ‘मार्गदर्शकासह’ या शब्दाचे वजन मात्र आपण पुरेसे जाणत नाही.

मार्गदर्शक राफ्टच्या मागच्या टोकाला बसतो. ‘पुढे’, ‘मागे’, ‘थांबा’ एवढ्याच आज्ञा तो देतो, पण त्याचे डोळे सतत पाणी वाचत असतात. पृष्ठभागावर पाण्याचा इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार दिसला आणि त्याचे टोक प्रवाहाच्या दिशेने असले, तर दोन दगडांमधून मोकळी वाट आहे. टोक प्रवाहाच्या उलट असले, तर तेथे पाण्याखाली दगड आहे. मोठ्या दगडाच्या मागे प्रवाह उलटा फिरतो. तेथे राफ्ट विसावता येते, पण चुकीच्या कोनातून शिरल्यास ती कलंडतेही. आमचा मार्गदर्शक जवळच्याच गावचा होता. उत्तराखंडातून आलेल्या सहकाऱ्यांच्या हाताखाली चार हंगाम काढल्यावर त्याच्या हाती राफ्ट सोपविली गेली. तो दहावीपुढे शिकलेला नाही. परंतु प्रवाहाचे जे आकलन मी फळ्यावर बाण काढून दोन तासिकांत करून देऊ शकले नव्हते, ते त्याने पहिल्या खळाळापूर्वीच करून दिले.

सुरक्षिततेच्या सूचनांमागील कारणे विद्यार्थ्यांना समजली तर त्या पाळल्या जातात, असा माझा अनुभव आहे. लाइफ जॅकेट घट्ट बांधावयाचे, कारण सैल जॅकेट पाण्यात वर सरकते आणि चेहरा पाण्यातच राहतो. खांद्याचा पट्टा वर ओढून ते हलते का हे तपासणे ही त्याची साधी कसोटी. पाण्यात पडल्यास पाठीवर व्हावयाचे आणि पाय प्रवाहाच्या दिशेने, पृष्ठभागाजवळ ठेवावयाचे. उभे राहण्याचा मोह टाळावयाचा. वाहत्या पाण्यात पाऊल दगडांच्या फटीत अडकले की प्रवाह शरीराला पुढे ढकलतो आणि कमरेइतक्या पाण्यातही माणूस बुडू शकतो. ही शेवटची बाब सांगितली तेव्हा सर्वांत उत्तम पोहणारे विद्यार्थी सर्वांत गंभीर झाले. भीतीचा असा उपयोग करणे गैर नाही.

रायगड जिल्ह्याच्या संदर्भात हे लिहिताना फेब्रुवारी २०१६ ची आठवण टाळता येत नाही. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्यानंतर सहलींबाबत परिपत्रके व हमीपत्रे आली. अनेक संस्थांनी पाण्याजवळच्या सहलीच बंद केल्या. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा उपक्रमांसाठी नोंदणीची तरतूद केली. सहल ठरविणाऱ्या प्राध्यापकाने नोंदणी प्रमाणपत्र मागणे हे आता सौजन्याचा भंग मानले जाऊ नये. बंदी घालणे सोपे असते. परंतु सहल बंद केली म्हणून विद्यार्थी पाण्यापासून दूर राहत नाही. तो रविवारी मित्रांसह दुचाकीवर भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याकडे जातो, जेथे प्रशासनाला पावसाळ्यात बंदीचे आदेश काढावे लागतात. वाहते पाणी कसे वागते हे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एकदा शिकलेला विद्यार्थी तेथे अधिक सुरक्षित राहील, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

तलावाकाठची दुपार

दुपारचे जेवण आटोपल्यावर सहलीचा तिसरा भाग सुरू होतो. पत्रकात त्याचे वर्णन ‘निवांत’ असे असते. निळ्या फरशीचा तलाव, काठावर नारळ, आरामखुर्च्या. नदीच्या तुलनेत येथील पाणी अगदी आज्ञाधारक भासते. त्यालाही शिस्त लावावी लागतेच. गाळणी, क्लोरीन आणि सामू यांचे प्रमाण सांभाळले नाही तर दोन दिवसांत ते हिरवे पडते. १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद व सरासरी १.२ मीटर खोल असा तलाव धरला, तर त्यात १,४४,००० लिटर पाणी मावते. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये ग्रामीण भागासाठी ठरविलेल्या दरडोई ५५ लिटरच्या प्रमाणाने हे २,६०० हून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी होते. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर वर काढलेल्या प्रवाहाने असा तलाव जेमतेम चार सेकंदांत भरेल. एकाच दिवसात आपण पाण्याची ही दोन मापे अनुभवतो. गंमत अशी की विद्यार्थ्यांना तलावातील पाणी जास्त वाटते.

दुसऱ्या सहलीच्या वेळी घडलेला प्रसंग येथे नोंदविणे आवश्यक वाटते. नदीवर आम्ही अत्यंत सावध होतो. आठ विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक, प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, दर थांब्यावर मोजणी. तलावाशी आल्यावर ही सारी यंत्रणा विरघळली. जॅकेट परत जमा झाली होती. चाळीस विद्यार्थी पाण्यात आणि देखरेखीस कोणीच नाही. मी व माझे सहकारी छताखाली चहा घेत बिलाची बेरीज तपासत होतो. तलावाचा तळ एका बाजूस उतरता होता. खोली दर्शविणारे आकडे काठावर होते, पण पुसट. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी चेंडूमागे सरकत खोल भागात गेली. तिने हाक मारली नाही, हात हलविले नाहीत. बुडणारा माणूस ओरडतो, ही चित्रपटांनी करून दिलेली समजूत आहे. प्रत्यक्षात श्वास घेण्याच्या धडपडीत आवाज फुटतच नाही. तिच्या आजूबाजूला सात-आठ जण हसत-खेळत होते. सकाळी आमची राफ्ट हाकणारा तो मार्गदर्शक भोजनगृहातून बाहेर पडताना थबकला, कपड्यांसह पाण्यात उतरला आणि तिला काठावर घेऊन आला. सर्व मिळून अर्धे मिनिटही लागले नसावे. ती खोकली, रडली आणि थोड्या वेळाने सावरली. मला मात्र सावरावयास बरेच दिवस लागले.

तुम्हाला कसे कळले, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘मॅडम, ती वर बघत होती. खेळणारं पोर वर बघत नाही.’

या प्रसंगाचा दोष मी त्या विश्रामस्थळावर ढकलू इच्छित नाही. विद्यार्थी आमच्या जबाबदारीवर आले होते. धोका जेथे ‘साहस’ या नावाने येतो तेथे आपण सज्ज असतो, आणि तोच ‘विसावा’ या नावाने आला की चहा मागवितो. तिसऱ्या सहलीत आम्ही दोन बदल केले. एकाच मार्गदर्शकाला संध्याकाळपर्यंतचे मानधन देऊन तलावावर थांबविले, आणि एका वेळी पंधराच विद्यार्थी पाण्यात, उरलेले काठावर, अशी पाळी लावली. प्रत्येक गटासाठी एक प्राध्यापक तलावाकडे तोंड करून उभा. यामुळे सहलीचा खर्च दरडोई किंचित वाढला. काही सहकाऱ्यांना हा अतिरेक वाटला आणि त्यांनी तसे बोलूनही दाखविले.

परतीचा थांबा

तिसऱ्या सहलीत आणखी एक गोष्ट जमली. कोलाडहून लवकर निघून आम्ही दिवस मावळण्यापूर्वी मुळशीच्या काठी पोहोचलो व बस थांबविली. सकाळी झोपेत निसटलेला जलाशय विद्यार्थ्यांनी प्रथमच पाहिला. पाण्याखालच्या गावांविषयी मी थोडक्यात सांगितले. हे पाणी कोणत्या बाजूस जावयाचे होते आणि कोणत्या बाजूस वळविले गेले, हे रस्त्यावरच्या धुळीत काडीने काढून दाखविले. भीमा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांसाठी टाटांच्या धरणांचे पाणी पुन्हा पूर्वेकडे सोडावे, अशी मागणी अनेक वर्षांपासून होत आहे. कृष्णा पाणीतंटा लवादानेही पश्चिमेकडे वळविल्या जाणाऱ्या या पाण्यास मर्यादा घातलेली आहे. हे ऐकून मंगळवेढ्याहून आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘म्हणजे मॅडम, सकाळी आपण ज्यात राफ्टिंग केलं ते पाणी आमच्याकडे यायचं होतं?’

मुळा, मुळा-मुठा, भीमा, उजनी. नकाशावरची वाट तीच आहे, असे मी त्यास सांगितले. त्याच दुपारी जेवताना मार्गदर्शकापाशीही मी हा विषय काढला होता. कुंडलिकेवर केवळ राफ्टिंगच अवलंबून नाही. खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालवे निघतात, त्यांवर रोह्याकडची उन्हाळी शेती पिकते आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीलाही पाणी लागते. त्याने जेवण थांबवून विचारले होते, ‘पाणी तिकडं गेलं, तर आम्ही पोरांनी पुन्हा मुंबई गाठायची का?’ त्याचा प्रश्न मी मंगळवेढ्याच्या विद्यार्थ्याला जसाच्या तसा सांगितला. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग अंधार पडू लागला म्हणून आम्ही मोजणी केली. बेचाळीस विद्यार्थी, तीन प्राध्यापक. बस पौडच्या दिशेने निघाली.